कठडा सरकला, कुणालाच दिसला नाही: बदल आणि अर्थ यांचा घरगुती प्रयोग, पायरीपायरीने

ओट्याचे दोन फोटो घेतले. एकात गॅसवर कुकर, दुसऱ्यात नाही. आणखी दोन घेतले. एकात खिडकीच्या कडेला मिठाची बरणी, दुसऱ्यात ती गायब. घरातल्या सगळ्यांना आळीपाळीने दाखवले, तर कुकर चटकन सापडला आणि बरणीला वेळ लागला. "बघा, स्वयंपाकघरात कुकरला अर्थ जास्त, म्हणून तो आधी लक्षात आला," असं मी ऐटीत सांगून टाकलं. नववीतल्या भाचीने एका वाक्यात सगळी हवा काढली. "मामा, कुकर मोठा आहे, चकचकीत आहे आणि फोटोच्या मधोमध आहे. यात अर्थ कुठून आला?"

तिचं बरोबर होतं. बदल लक्षात येण्यामागे वस्तूचा आकार असतो, चमक असते, जागा असते आणि अर्थही असतो. हे सगळं एकत्र कालवलं तर आपण नेमकं काय मोजलं ते कळत नाही. चित्रातला बदल माणसाला किती सेकंदांत दिसतो ते मोजायचं, हा प्रयोग तसा सोपा आहे, एक मोबाइल आणि एक रविवार पुरतो. कष्ट आहेत ते अर्थ वेगळा काढण्याचे. पुढचा लेख मुख्यतः त्या कष्टांबद्दल आहे.

आधी मूळ प्रयोग

मासिकांत आणि पुरवण्यांत "सहा फरक ओळखा" असतं, तिथे दोन चित्रं शेजारी शेजारी छापलेली असतात. इथे ती एकाच जागी, एकामागून एक येतात आणि मध्ये क्षणभर करडा पडदा येतो. बदल डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा होत राहतो, तरी तो दिसायला कितीतरी सेकंद लागतात. याला मानसशास्त्रात "चेंज ब्लाइंडनेस" म्हणतात. मराठीत बदलांधळेपण म्हणू.

१९९७ साली रोनाल्ड रेन्सिंक, केव्हिन ओ'रेगन आणि जेम्स क्लार्क यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. रेन्सिंक तेव्हा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला निस्सान या मोटार कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत होते. (मोटार बनवणाऱ्यांना यात रस का, हे कोपऱ्यावरून अचानक आलेल्या स्कूटरने ज्याला दचकवलं असेल त्याला सांगायला नको.) त्यांच्या एका चित्रात एक पुरुष आणि एक बाई जेवायला बसले आहेत आणि त्यांच्या मागचा कठडा वरखाली सरकतो. तो कळायला सरासरी १०.४ सेकंद लागले. दुसऱ्या चित्रात विमानाच्या कॉकपिटमधून समोर दिसणारं हेलिकॉप्टर जागा बदलतं. ते २.६ सेकंदांत सापडलं. सरकणं दोन्हीकडे साधारण सारखंच होतं.

सगळ्या चित्रांची सरासरी काढली तेव्हा लोकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या वस्तूतला बदल ४.७ सेकंदांत आणि बिनमहत्त्वाच्या वस्तूतला १०.९ सेकंदांत सापडला. बिनमहत्त्वाचे बदल आकाराने उलट थोडे मोठेच होते. भाचीच्या आक्षेपाला त्यांनी आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं, मीच ते नीट वाचलं नव्हतं.

मधला करडा पडदा काढून टाकला की सगळे बदल सुमारे एका सेकंदात सापडतात. कारण एरवी चित्रात काही हललं की त्या जागी एक झटका जाणवतो आणि नजर आपोआप तिकडे ओढली जाते. पडदा आला की पूर्ण चित्रभर झटका बसतो आणि त्या गोंगाटात छोटा झटका बुडून जातो. मग डोळ्यांकडे एकच रस्ता उरतो: एकेक वस्तू लक्षात धरायची आणि पुढच्या वेळी ताडून पाहायची. एका वेळी अशा तीन-चार वस्तूच धरता येतात. कोणत्या तीन-चार आधी धरायच्या, हे दृश्याचा अर्थ ठरवतो.

पायरी १: दृश्य निवडा

ज्यात काहीतरी चाललेलं आहे असं दृश्य घ्या. नुसतं कपाट किंवा नुसती भिंत नको. भाजी निवडायला बसलेली आजी, चहा गाळणारा हात, शिलाई मशीनवर अर्धवट राहिलेलं पोलकं, इस्त्रीवाल्याचं टेबल. गोष्ट असेल तरच मुख्य काय आणि दुय्यम काय असा भेद पडतो. वस्तू दहा-पंधरा असाव्यात. चार असतील तर सगळंच सापडतं आणि चाळीस असतील तर माणूस कंटाळून उठून जातो.

माणूस किंवा मांजर फ्रेममध्ये असेल तर जपून. सजीवांमधले बदल लोकांना निर्जीव वस्तूंपेक्षा लवकर दिसतात, असं २००७ साली न्यू, कॉस्मिडीझ आणि टूबी यांनी दाखवलं. त्यांच्या प्रयोगात गाड्यांपेक्षा प्राणी लवकर सापडले, रोज रस्त्यावर गाड्याच दिसत असूनही. म्हणून बदल मांजरात करू नका. ते नुसतं बसून राहिलं तर हरकत नाही, पण बसून राहील याची खात्री कोण देणार!

असे निदान आठ फोटो लागतील. एका दृश्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पायरी २: पाच जणांना विचारा

ही पायरी लोक गाळतात, मीही गाळली होती. मुख्य वस्तू कोणती हे आपण ठरवायचं नाही. प्रयोगात भाग न घेणाऱ्या पाच जणांना फोटो दाखवा आणि "यात काय आहे ते दोन वाक्यांत सांगा" एवढंच म्हणा. प्रत्येकाला वेगळं विचारा, नाहीतर दुसरा पहिल्याचीच री ओढतो. ऐकलं तसं लिहून घ्या.

रेन्सिंक यांची कसोटी सरळ होती. पाचांपैकी तिघांनी किंवा जास्त जणांनी जिचा उल्लेख केला ती वस्तू मुख्य आणि एकानेही जिचं नाव घेतलं नाही ती दुय्यम. एका-दोघांनीच नाव घेतलेल्या वस्तू बाद.

माझ्या चहाच्या फोटोत मला वाटलं होतं की गॅसवरचं पातेलं मुख्य ठरेल. पाचही जण गाळणी आणि कपाबद्दल बोलले. पातेल्याचं नाव दोघांनी घेतलं. कपाटाच्या दाराची मूठ, टाइल्सवरची निळी पट्टी आणि खिडकीचा गज यांना कुणीही विचारलं नाही. हे तीन झाले माझे दुय्यम उमेदवार.

एक शब्दाचा घोळ टाळा. मुख्य म्हणजे मधली नव्हे. मुख्य वस्तू कोपऱ्यात असू शकते आणि दुय्यम वस्तू बरोबर मध्यावर.

पायरी ३: अर्थ सोडून बाकी सगळं सारखं करा

इथेच प्रयोग जमतो किंवा फसतो, म्हणून घाई नको.

प्रत्येक दृश्यात दोन बदल ठरवायचे, एक मुख्य वस्तूत आणि एक दुय्यम वस्तूत. ते एकाच व्हिडिओत नव्हे, वेगवेगळ्या व्हिडिओंत जातील. दोन्ही एकाच जातीचे हवेत. मुख्य वस्तू गायब होणार असेल तर दुय्यमही गायबच व्हायला हवी. एकीचा रंग बदलणार असेल तर दुसरीचाही रंग. कप नाहीसा करून टाइल्सच्या पट्टीचा फक्त रंग बदलला, तर ती तुलनाच नव्हे.

आकार मोजा. फोटो स्क्रीनवर मोठा करून दोन्ही वस्तूंवर पट्टी ठेवा, लांबी-रुंदी लिहा, गुणाकार करा. दोन्ही सारखे असावेत, आणि थोडा फरक करायचाच असेल तर दुय्यम बदल मोठा ठेवा. म्हणजे निकाल तुमच्या बाजूने लागला तर भाचीला तोंड उघडायला जागा राहत नाही.

चमक तपासायला चित्रकारांची युक्ती वापरा. डोळे किलकिले करून फोटोकडे पाहा, किंवा फोटो एडिटरमध्ये तो इतका धूसर करा की वस्तू ओळखू येऊ नयेत. त्या धुक्यातही जो डाग उठून दिसतो तो अर्थामुळे नाही, रंग आणि उजेडामुळे दिसतो. मुख्य वस्तू धुक्यात ठळक आणि दुय्यम पुसट असेल तर जोडी बदला. स्टीलच्या डब्याला उजेड लागला की तो सगळ्यांवर मात करतो. आमच्या पहिल्या कुकरचं तेच झालं होतं.

उलट बाजूची तपासणीही करता येते. २०१७ साली जॉन हेंडरसन आणि टेलर हेज यांनी दृश्याचे छोटे गोल तुकडे करून लोकांना सुटे दाखवले आणि प्रत्येक तुकडा किती अर्थपूर्ण वाटतो याला सहाच्या पट्टीवर गुण द्यायला सांगितले. त्या गुणांवरून दृश्याचा एक "अर्थाचा नकाशा" तयार झाला. लोकांची नजर कुठे जाते हे या नकाशाने नुसत्या रंग-उजेडाच्या नकाशापेक्षा चांगलं सांगितलं. घरी हेच करायचं तर पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा, तो स्क्रीनवर ठेवा आणि पूर्ण फोटो न पाहिलेल्या माणसाला विचारा, "या तुकड्यावरून किती कळतं? एक ते सहा." कपाच्या तुकड्याला पाच मिळतात, टाइल्सच्या तुकड्याला एक. खेळ म्हणूनही मजा येते.

जागेची सोय अशी लावा: आठ दृश्यांपैकी निम्म्यांत मुख्य वस्तू मध्याजवळ असू दे, निम्म्यांत कडेला. लोक पहिल्यांदा मध्यावर बघतात ही सवय आहे, तिला अर्थाचं श्रेय जायला नको.

पायरी ४: फोटो

मोबाइल तिवईवर किंवा पुस्तकांच्या थप्पीला टेकवून पक्का ठेवा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. तसं करा, नाहीतर दुसरा फोटो आपोआप उजळ येईल. शटरसाठी टायमर लावा, कारण बोट लागलं तरी फ्रेम हलते. पंखा बंद. पडदे बांधलेले. दोन्ही फोटो एका मिनिटाच्या आत घ्या, कारण उन्हाची तिरीप सरकत असते. आणि स्टीलच्या भांड्यांत बघा. माझ्या पहिल्या आठ फोटोंपैकी दोनांत घागरीच्या पोटावर मी स्वतः दिसत होतो, एकात वाकलेला आणि एकात उभा.

एवढं करूनही दोन फोटो तंतोतंत जुळत नाहीत. त्यावर खात्रीचा उपाय असा: दुसऱ्या फोटोतला फक्त बदललेला भाग कापून पहिल्या फोटोच्या प्रतीवर चिकटवा. म्हणजे बाकीचं चित्र खरोखरच एकच राहतं. संगणकावरच्या फोटो एडिटरमध्ये दोन चित्रं एकावर एक ठेवून थरांची "डिफरन्स" ही पद्धत निवडली की जे सारखं आहे ते काळं दिसतं. एकच उजळ ठिपका दिसला पाहिजे. जास्त दिसले तर परत कात्री हातात.

पायरी ५: लुकलुकता व्हिडिओ

मूळ प्रयोगात चित्र २४० मिलिसेकंद दिसायचं आणि करडा पडदा ८० मिलिसेकंद. व्हिडिओ एडिटरमध्ये प्रोजेक्ट सेकंदाला २५ फ्रेमचा ठेवलात तर एक फ्रेम बरोबर ४० मिलिसेकंदांची होते. मग चित्राला ६ फ्रेम आणि पडद्याला २ फ्रेम. ३० फ्रेमचा प्रोजेक्ट घेतलात तर हा हिशेब बसत नाही.

क्रम असा: मूळ, पडदा, मूळ, पडदा, बदललेलं, पडदा, बदललेलं, पडदा. प्रत्येक चित्र दोनदा येतं, कारण बदल नेमका कधी होणार याचा अंदाज बघणाऱ्याला येऊ नये. हे सगळं ३२ फ्रेमचं, म्हणजे १.२८ सेकंदांचं होतं. त्यात दोन पालट येतात, एक पालट ०.६४ सेकंदाचा. आता हा तुकडा कॉपी करून दुप्पट करा, परत दुप्पट करा. सहा वेळा दुप्पट केलं की ६४ तुकडे, म्हणजे जवळपास ८२ सेकंद होतात. साठ सेकंदांवर कापून टाका.

काही मोबाइल ॲपमध्ये ०.१ सेकंदाहून लहान तुकडा होत नाही. मग पडदा ०.१ चा घ्या. जगबुडी होत नाही, फक्त सगळ्या व्हिडिओंत तेच माप ठेवा आणि तुमचे सेकंद मूळ प्रयोगाच्या सेकंदांशी ताडू नका. जिफ करायचा मोह होईल, तो टाळा. जिफमध्ये २५६च रंग असतात. ते रंग दोन चित्रांत वेगवेगळे निवडले गेले तर सगळी भिंत किंचित थरथरते.

पडदा मध्यम करडाच हवा, पांढरा किंवा काळा नको. दोन कारणं आहेत. एक, डोळ्यांना त्रास कमी होतो. दुसरं महत्त्वाचं: हा व्हिडिओ सेकंदाला तीनपेक्षा किंचित जास्त वेळा लुकलुकतो. ज्यांना फिट येते, किंवा लुकलुकत्या उजेडाने अर्धशिशी उठते, त्यांना हा दाखवायचा नाही. बसवण्याआधी प्रत्येकाला विचारा, लहान मुलांच्या आईवडिलांना विचारा. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा आणि खोलीत दिवा लावा.

प्रत्येक दृश्याचे तीन व्हिडिओ करा: मुख्य बदलाचा, दुय्यम बदलाचा आणि एक पडदा नसलेला. पडद्याविना बदल लगेच सापडला पाहिजे. नाही सापडला तर तो बदल मुळातच फार बारीक आहे.

पायरी ६: माणसं बसवा

दहा माणसं पुरतात. एका माणसाला एक दृश्य एकदाच दाखवायचं, मुख्य बदलाचं किंवा दुय्यम बदलाचं. एकदा ओट्यावरचं सगळं धुंडाळून झालं की त्याच ओट्यावर दुसरं शोधणं सोपं होतं. म्हणून पाच जणांना दृश्य १ ते ४ मुख्य बदलांची आणि ५ ते ८ दुय्यम बदलांची दाखवा. उरलेल्या पाच जणांना उलट. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

सुरुवातीला सरावाचे दोन व्हिडिओ दाखवा, त्यांचे आकडे धरू नका. मग एक प्रश्न विचारा: "समोर एक वस्तू सारखी येते आणि जाते. किती सेकंदांत कळेल?" उत्तर वहीत लिहा. लोक "लगेच" म्हणतात. बदल आपल्याला किती पटकन दिसेल याचा लोकांचा अंदाज वास्तवापेक्षा बराच फुगलेला असतो, यावर लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००० साली स्वतंत्र निबंधच लिहिला. साठ सेकंद संपत आल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा आणि वहीतलं "लगेच" हे शेजारी शेजारी बघण्यासारखं असतं.

"सापडलं" म्हटलं की घड्याळ थांबवा, पण काय सापडलं ते बोटाने दाखवायला लावा. काका मंडळी नुसतंच "हो, दिसलं" म्हणतात. एखादा बिनबदलाचा व्हिडिओ मध्ये पेरून ठेवला तर असे काका हुडकता येतात. मागे उभं राहून "अगं, तिकडे बघ" म्हणणाऱ्यांना चहा करायला पाठवा.

ज्याला साठ सेकंदांत सापडलं नाही, त्याला एक शब्द सांगून व्हिडिओ परत लावा: "गज." बहुतेकांना लगेच दिसतो. मूळ प्रयोगातही आधी नाव सांगितलं की शोध झपाट्याने लागत होता. म्हणजे बदल डोळ्यांना दिसण्याजोगा होता, त्याच्याकडे कुणी लक्षच वळवलं नव्हतं. हा पुरावा फार उपयोगाचा आहे, तो गाळू नका.

पायरी ७: आकडे

मुख्य बदलांचे सगळे सेकंद एका ओळीत लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा आणि मधला आकडा घ्या. दुय्यमचंही तसंच. सरासरी काढू नका, कारण एखाद्याला सापडलंच नाही तर त्याचे साठ सेकंद सगळी सरासरी ओढून नेतात. मग दृश्यवार बघा. आठांपैकी सात दृश्यांत मुख्य बदल आधी सापडला असेल तर काहीतरी हाताशी लागलं. पाचांत आधी आणि तिनांत नंतर असेल तर अजून काही म्हणता येणार नाही.

पायरी ८: फोटो उलटा करा

माझ्या मते हा या प्रयोगातला सर्वांत सुंदर भाग. तोच व्हिडिओ, तेच रंग, तोच उजेड, फक्त खालचं वर केलेलं. चमक, आकार, मध्यापासूनचं अंतर, काहीही बदललं नाही. बदलली ती फक्त अर्थ पटकन लागण्याची सोय. पायरी ३ मध्ये इतकं मोजूनमापूनही "पण कप जरा जास्तच पांढरा होता" अशी शंका उरत असेल, तर तिचं उत्तर इथे मिळतं. कप पांढरेपणामुळे दिसत असेल तर उलट्या चित्रातही तितकाच चटकन दिसायला हवा.

केली, चुन आणि चुआ यांनी २००३ साली नेमकं हेच तपासलं, दृश्य ठळकपणा सारखा ठेवून. चित्र उलटं केल्यावर मुख्य वस्तूंना मिळणारा फायदा घटला. घरी करताना नवी माणसं घ्या, आधीच्यांना उत्तरं माहीत झालेली असतात. आमच्याकडे उलटा ओटा बघताना लोक मान वाकडी करून बसले. मग मी लॅपटॉप कपाटावर ठेवला आणि सगळ्यांना सरळ उभं केलं.

पायरी ९: अर्थ कुणाचा?

इथून पुढे मोकळं रान आहे.

ओट्यावर चप्पल ठेवून बघा. दृश्यात न शोभणाऱ्या वस्तूतला बदल लोकांना शोभणाऱ्या वस्तूतल्या बदलापेक्षा जास्त वेळा कळतो, असं हॉलिंगवर्थ आणि हेंडरसन यांनी २००० साली दाखवलं. त्याआधी १९७८ मध्ये लॉफ्टस आणि मॅकवर्थ यांनी शेताच्या चित्रात ट्रॅक्टरच्या जागी ऑक्टोपस ठेवला होता, आणि लोकांची नजर त्या ऑक्टोपसवर लवकर गेली आणि जास्त रेंगाळली. आपल्याकडे ऑक्टोपसची गरज नाही. ओट्यावरची चप्पल आईला दिसणार नाही असं होतच नाही, मग व्हिडिओ लुकलुकत असो वा नसो.

पण तीच चप्पल दुसऱ्या कुणाला इतकी खुपणार नाही. अर्थ नुसता फोटोत नसतो, बघणाऱ्याकडेही असतो. वेर्नर आणि थीस यांना २००० सालीच आढळलं की अमेरिकन फुटबॉलच्या जाणकारांना त्या खेळाच्या चित्रांतले अर्थपूर्ण बदल नवख्यांपेक्षा लवकर दिसतात. तुम्ही देवघराचा फोटो घ्या. एका व्हिडिओत बाळकृष्णाचं तोंड वळवा, दुसऱ्यात तेवढाच मोठा रांगोळीचा कोपरा पुसा. रोज पूजा करणारी आजी आणि वसतिगृहात राहणारा नातू या दोघांना बसवा. शिलाई मशीनच्या फोटोत सुईतला दोरा काढा आणि तो शिंप्याला दाखवा.

घड्याळ लावायचा कंटाळा आला तर आणखी एक डाव आहे. एकाच व्हिडिओत दोन बदल एकदम करा आणि आधी कोणता सापडला एवढंच लिहा. २००३ साली ब्रिटनमध्ये जोन्स आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने एक बदल दारूशी संबंधित आणि एक साधा असा ठेवून, पिणाऱ्यांचं लक्ष कुठे आधी जातं हे तपासलं होतं. सासूबाई आणि जावई यांच्यावर ही पद्धत वापरण्यापूर्वी परिणामांचा विचार करा.

मासुदा आणि निस्बेट यांनी २००६ मध्ये जपानी आणि अमेरिकन लोकांची तुलना केली, तेव्हा मागच्या पार्श्वभूमीतले बदल जपान्यांना जास्त कळले. मुख्य आणि दुय्यम ही विभागणीसुद्धा सगळीकडे एकसारखी नसते. पायरी २ मधले पाच जण आणि पायरी ६ मधले दहा जण एकाच घडणीचे असावेत, ते यासाठी.

रस्त्यावर करू नका, पण माहीत असू द्या

१९९८ साली डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात एक गंमत केली. एक माणूस नकाशा घेऊन वाटसरूला पत्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघे जण एक मोठं दार घेऊन मधूनच जातात आणि दाराआड पत्ता विचारणाराच बदलतो. १५ जणांपैकी फक्त ७ जणांना ते कळलं. ज्यांना कळलं ते विचारणाऱ्यांच्याच वयाचे विद्यार्थी होते आणि ज्यांना नाही कळलं ते वयाने मोठे. मग त्याच दोघांनी बांधकाम मजुरांचे कपडे घातले आणि यावेळी फक्त विद्यार्थ्यांनाच गाठलं. आता १२ पैकी ४ जणांनाच कळलं. माणसं तीच, दार तेच. फरक एवढाच की विद्यार्थ्यांच्या मनात समोरचा "एक मुलगा" राहिला नाही, "एक मजूर" झाला, आणि एका मजुराच्या जागी दुसरा मजूर आला तरी त्यांच्या लेखी काही बदललं नाही.

हे वाचून मी बराच वेळ आमच्या इमारतीच्या गेटवरच्या वॉचमनचा चेहरा आठवत बसलो. दिवसपाळीचा आठवला. रात्रपाळीचा आठवला तो फक्त स्वेटर.

फसलं तर

दुय्यम बदल सगळ्यांना चटकन सापडत असेल तर तो बहुधा चमकतो आहे. धुक्याची चाचणी परत घ्या. मुख्य बदल कुणालाच सापडत नसेल तर फ्रेम मोजा, पडदा लांबला असेल. कुणी "सगळं चित्रच हललं" म्हणत असेल तर कापून चिकटवण्यात चूक आहे. पहिल्याच माणसाने चार सेकंदांत सगळं ओळखलं तर त्याने तुमचा लॅपटॉप आधी उघडून पाहिला आहे.

कुणी काय पाहिलं याची नोंद वहीच्या मागच्या पानावर ठेवा, कारण पाहिलेलं दृश्य त्या माणसापुरतं कायमचं खर्च होतं. माझ्या वहीत भाचीच्या नावापुढे आठही दृश्यांवर फुल्या आहेत. आता ती नवीन फोटो मागते आहे, आणि या वेळी आकार ती स्वतः मोजणार आहे.